बरगे, फड आणि माळ: कोल्हापूरभोवतीच्या हिवाळी भटकंतीत वन्यजीव कसे बघावेत

कोल्हापुरात वन्यजीव बघायचे म्हटलं की गाडी थेट दाजीपूर अभयारण्याकडे वळते. गवा बघायला दाजीपूर हवंच. पण शहरापासून पाच-दहा किलोमीटरवर, पाणंदीच्या कडेला, बंधाऱ्याखालच्या खडकांवर आणि तोड झालेल्या उसाच्या फडात डिसेंबर-जानेवारीत जे दिसतं, ते बहुतेकांच्या हातून निसटतं. आपण जागा ठरवून जातो, हंगाम बघून जात नाही, म्हणून ते निसटतं. इथले पक्षी आणि प्राणी पाण्याच्या आणि पिकाच्या मागे हिंडतात. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या आडव्या फळ्या) घातले का, तोड कोणत्या शिवारात लागली, शाळू (रब्बी ज्वारी) हुरड्यात आला का, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्या गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याला एक फोन करावा. "मामा, तोड कुठवर आलीया?" एवढं विचारलं की कुठे जायचं ते ठरतं. बिबट्याचा किंवा गव्याचा वावर असेल तर तेही न विचारता कानावर येतं. ओळख नसेल तर सकाळी बांधावर भेटेल त्याला राम राम घालून, आपण काय बघायला आलोय ते सांगूनच रानात पाऊल टाकावं. उभ्या पिकातून जाऊ नये, बांधावरून जावं. न विचारता रानात शिरलेल्या माणसाला शेतकरी हटकतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

वेळ

जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. ठिकाणावर साडेसहाला पोचलेलं असावं. उजाडता उजाडता साडेसातपर्यंत प्राण्यांची वेळ: कोल्हा, ससा, मुंगूस, रानमांजर परतीच्या वाटेवर असतात. सव्वासात ते साडेनऊ लहान पक्षी सर्वांत जास्त हलतात, कारण रात्रभराच्या थंडीनंतर त्यांना आधी पोट भरायचं असतं. शिकारी पक्षी मात्र उशिरा उठतात. साडेनऊनंतर जमीन तापते, गरम हवा वर चढू लागते आणि तिच्यावर ते पंख न हलवता तरंगतात. सकाळी सातला माळावर जाऊन "आज घारी-ससाणे काहीच नाही" म्हणणाऱ्यांनी दोन तास आधी गाठलेलं असतं, इतकंच. दुपारी बारा ते साडेतीन विश्रांती घ्यावी. साडेचारनंतर पुन्हा निघावं, तेव्हा बगळे, साळुंक्या, भोरड्या थव्याने रातथाऱ्याकडे परततात.

पंचगंगेच्या खोऱ्यात पुष्कळदा धुकं पडतं. अशा दिवशी पाण्याकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही, आठ वाजेपर्यंत काही दिसत नाही. तो वेळ बांधावरच्या कोळ्यांना द्यावा. एरवी नजरेला न येणारी जाळी दवाने भरून पांढरी झालेली असतात. जाळं आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असं उभं राहावं, मग प्रत्येक धाग्यावरचा थेंब वेगळा दिसतो. घाणेरी किंवा निरगुडीच्या झुडपात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, गोल जाळ्याच्या मधोमध पांढरी जाड नागमोडी नक्षी असेल तर तो 'सिग्नेचर' कोळी. आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांत ताणून तो फुलीसारखा बसलेला असतो. जाळ्याला हात लावू नये आणि बाटलीने पाणीही मारू नये. फोटोसाठी पाणी मारलं की धागे जड होऊन तुटतात आणि त्याला जाळं पुन्हा विणावं लागतं.

सोबत काय घ्यावं

दुर्बीण ८×४२ घ्यावी. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा ठिपका तेवढ्या मिलिमीटरचा असतो, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तो मोठा असलेला फार उपयोगी पडतो. जत्रेत आणि रस्त्याकडेला '२०×५०' म्हणून विकतात ती घेऊ नये. २० पट मोठं करणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही, हाताचा कंपही वीसपट होतो, आणि प्रकाशाचा ठिपका अडीच मिलिमीटरवर येऊन पहाटे सगळं काळपट दिसतं.

नवी दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी जुळवावी लागते. हे न केल्यामुळेच पुष्कळांना 'दुर्बिणीने डोकं दुखतं'. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेल असं करावं. मग उजवं भिंग हाताने झाकून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, पन्नासेक फुटांवरच्या फांदीवर मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरतं स्पष्ट करावं. आता डावं भिंग झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच फांदी स्पष्ट करावी. कडीवरची खूण लक्षात ठेवावी. त्यानंतर फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत दाबून वापरावेत. पक्षी शोधताना दुर्बीण लावून झाड धुंडाळू नये. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण वर आणावी.

कपडे मळखाऊ रंगाचे, मातकट किंवा गडद हिरवे. पांढरा सदरा आणि भडक जॅकेट लांबून दिसतं. पायात घोट्यापर्यंतचे बूट आणि जाड मोजे. कोल्हापुरी पायताण कितीही आवडीचं असलं तरी दवाच्या गवतात आणि उसाच्या पाचटात घालून जाऊ नये, कारण साप पायालाच चावतो. कुसळी गवताच्या माळावर मोज्यांवरून गुळगुळीत कापडाची पट्टी किंवा गेटर (पोटरीवरचं कापडी आवरण) बांधावा, नाहीतर कुसळं मोज्यात घुसून तासाभरात चालणं नकोसं करतात. अत्तर, सुगंधी फवारे टाळावेत. पन्हाळ्याच्या कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात, आणि उग्र वास त्या माश्यांना चिथवतो. मोहोळाखाली धूर, आरडाओरडा, दगड यांतलं काहीही करू नये.

याशिवाय एक लिटर पाणी, बॅटरी, छोटी वही, पेन्सिल आणि दहा रुपयांचं नाणं. नाणं ठशांचा फोटो काढताना मापासाठी बाजूला ठेवायचं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.

चौघांहून जास्त जण नसावेत. तीन तासांत दोन-अडीच किलोमीटर, याहून जास्त चालायचं नाही. दर दोनशे पावलांवर झाडाच्या आडोशाला दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. आपण आलो की पक्षी गप्प होतात, आणि पाच-सात मिनिटं हालचाल झाली नाही की पुन्हा आपापल्या कामाला लागतात. चालत राहणाऱ्याला गप्प झालेलं रान तेवढं भेटतं.

बंधाऱ्याखाली

हिवाळ्यात कोल्हापूरजवळ एकच जागा निवडायची असेल तर बंधाऱ्याची खालची बाजू निवडावी. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीने दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा आणि खाचांत एकावर एक आडवे बसवलेले बरगे. पावसाळा सरला की बरगे घालतात, पुढचा पाऊस यायच्या आधी काढतात. बरगे पडले की वरच्या अंगाला संथ, खोल पाणी साठतं आणि खालच्या अंगाला नदी उथळ होते. खडक उघडे पडतात, डबकी राहतात, बरग्यांच्या फटींतून पाझरणाऱ्या पाण्याने कडेचा चिखल ओला राहतो. उथळ पाण्यातले मासे, गोगलगायी आणि किडे ताटात वाढल्यासारखे मिळतात. पाहुणे पक्षी उत्तरेतून येतात ते अशाच जागा धरून राहतात.

पंचगंगा साधारण पूर्वेकडे वाहते. म्हणजे सकाळी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, काठावर तीस-चाळीस मीटर दूर उभं राहून बंधाऱ्याकडे तोंड केलं की ऊन पाठीवर येतं आणि पक्ष्याचे रंग खरे दिसतात. संध्याकाळी उलट, वरच्या अंगाला जावं. नदी वळलेली असेल तिथे हे हिशेबाने बदलावं. बंधाऱ्यावरून चालत जाऊन मधे उभं राहू नये: सगळे पक्षी एकदम उडतात, आणि शेवाळाने निसरड्या झालेल्या दगडावरून पाय घसरला तर खाली खडक असतात. धरणातून पाणी सोडलं की पातळीही चढते, म्हणून खडकांच्या बेटांवर जाऊन बसणं टाळावं.

इथे आधी धोबी ओळखायला शिकावं. शेपटी सतत वर-खाली हलवत, तुरुतुरु पळत किडे टिपणारा चिमणीहून लांबट पक्षी. चार तऱ्हेचे धोबी एकाच बंधाऱ्यावर भेटू शकतात. काळं डोकं, काळी पाठ आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला थोरला धोबी आपल्याकडे बारमाही असतो. पांढरा चेहरा आणि राखी पाठ असेल तर पांढरा धोबी, हिवाळी पाहुणा. पोट पिवळं दिसलं की लोक घाईने 'पिवळा धोबी' लिहून मोकळे होतात, आणि चूक नेमकी इथेच होते. वाहत्या पाण्यातल्या दगडावर बसणारा, राखी पाठीचा, खूप लांब शेपटीचा, फिकट गुलाबीसर पायांचा तो करडा धोबी, त्याच्याही पोटाला पिवळा रंग असतो. खरा पिवळा धोबी ओल्या शेतात, गुरांच्या पायांत फिरतो. त्याची शेपटी आखूड आणि पाय काळे असतात. म्हणजे पोटाआधी पाय आणि शेपटी बघावी.

त्याच खडकांवर तुतवार असतो. तो शेपटी नाही, सगळं मागचं अंगच खालीवर हलवतो. छातीच्या बाजूने पांढऱ्या रंगाची पाचर खांद्याकडे वर गेलेली असते, आणि उडताना पाण्यालगत, पंख ताठ ठेवून, थरथरत जातो. बंधाऱ्याच्या खांबांवर खंड्या बसतात. काळा-पांढरा कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो, हे दृश्य दुर्बिणीशिवायही दिसतं. उथळ पाण्यात शेकाट्याचे लांब गुलाबी पाय, चिखलात चोच खुपसणारी शराटी, आणि मिटलेल्या चोचीतही मधे फट दिसणारा उघड्या चोचीचा करकोचा. गोगलगायी आणि शिंपल्यातले जीव काढून खायला ती चोच उपयोगी पडते. पुलाखाली तारवाली भिंगरी असते, शेपटीच्या दोन तारा ऊन पडल्यावरच नीट दिसतात.

वरच्या अंगाचं संथ पाणी बघायला पाच मिनिटं पुरतात: टिबुकली, पाणकावळे, वारकरी, एखादी हळदीकुंकू बदकांची जोडी.

पाण्याकडे बघून झालं की खाली बघावं. बंधाऱ्याखालचा ओला चिखल ही ठशांची सर्वांत स्वच्छ पाटी. कुत्रा, कोल्हा, खोकड यांच्या ठशात नखांच्या टोकांच्या खुणा उमटतात. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत घेतात, त्यामुळे नखं दिसत नाहीत आणि तळवा रुंद असतो. रानमांजराचा ठसा रुंदीला चार-पाच सेंटिमीटरच्या आत, म्हणजे नाण्याच्या दीड-पावणेदोन पट. नखं नाहीत आणि ठसा सात-आठ सेंटिमीटर भरला तर तो बिबट्याचा समजून, फोटो काढून, आल्या वाटेने परत फिरावं आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं. कोल्ह्याचे ठसे सरळ एका रेषेत जातात. भटका कुत्रा इकडेतिकडे हुंगत जातो, त्यामुळे त्याची रेघ वाकडीतिकडी असते. एकाच ठशावरून निवाडा करू नये, दहा पावलं तरी माग काढावा.

उसाचा फड

तोड सुरू असते तेव्हा फडाच्या कडेला जे दिसतं ते अभयारण्यातही सहज मिळत नाही. वर्षभर उभ्या उसात दडलेलं सगळं एकदम उघड्यावर येतं. टोळी ऊस तोडत पुढे सरकते तसे गायबगळे तिच्या मागे सरकतात. कोतवाल आणि वेडे राघू तारेवर बसून उठणारे किडे हवेतच पकडतात. पाचट पेटवलं तर घारी धुराच्या कडेला घिरट्या घालतात. पाचट न जाळता सरीत कुजवणं जमिनीच्या दृष्टीने चांगलं, आणि त्यात तग धरणाऱ्या बेडकांच्या, सरड्यांच्या, पाखरांच्या दृष्टीनेही. ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते करावंच.

बघायला उभं राहायचं ते टोळीच्या मागे, तोडून झालेल्या बाजूला, बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट सोडून. तोडीच्या समोर, उभ्या उसाच्या तोंडाशी कधीच उभं राहू नये. आत जे काही असेल ते त्याच बाजूने बाहेर पडतं.

फडात पिल्लं सापडतात, आणि सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो. मांजरीएवढं, मातकट, अंगावर पुसट पट्टे, कानाच्या टोकाला केसांचा झुबका आणि आखूड शेपटीला काळ्या कड्या असलेलं पिल्लू रानमांजराचं असतं. बिबट्याच्या पिल्लाला जन्मापासून सर्वांगावर दाट ठिपके असतात आणि शेपटी लांब. दोन्ही बाबतीत करायचं एकच: पिल्लाला हात लावू नये, दूध पाजू नये, भोवती गर्दी करू नये. तोड तेवढ्या भागात थांबवायला सांगावं, सगळ्यांना मागे घ्यावं आणि १९२६ ला फोन करावा. आई जवळच्या उभ्या उसात असते आणि अंधार पडल्यावर पिल्लं उचलून नेते. पिल्लं गावात आणली की आई त्यांना शोधत वस्तीपर्यंत येते. 'बिबट्या गावात शिरला' म्हणतात त्यातल्या काही घटना अशाच सुरू होतात.

शाहूवाडी-पन्हाळ्याच्या बाजूला उसालगतच्या वाटेवर पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकटं जाऊ नये. बोलत चालावं, बॅटरी लावावी, वाकून किंवा उकिडवं बसू नये. उभा माणूस बिबट्याला भक्ष्य वाटत नाही, बसलेला वाटू शकतो. समोरासमोर आलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये. लहान मूल सोबत असेल तर उचलून घ्यावं, हात वर करून मोठं दिसावं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावं.

कोल्हा मात्र निवांत बघायला मिळतो. तोड झालेल्या रानाच्या टोकाला, उन्हं यायच्या आधी. अंग तांबूस-राखाडी, शेपटी आखूड, खाली लोंबणारी आणि टोकाला काळी. 'कोल्हा काकडीला राजी' म्हणतात, हिवाळ्यात तो बोरालाही तेवढाच राजी असतो. बांधावरच्या दगडावर मुद्दाम टाकलेली, बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ती बहुधा त्याची. काठीने फोडून बघावी, हाताने नाही.

जिथे शाळू आहे तिथे हुरड्याच्या दिवसांत वेळ काढावा. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या कणसांवर शेकड्यांनी उतरतात. शेतकरी गोफण घेऊन उभा असतो, त्याच्या कामात अडथळा न आणता बांधावर बसून बघावं. थवा मोजायची रीत अशी: आधी दहा पक्षी नीट मोजावेत, ते केवढी जागा घेतात ते डोळ्यात भरून घ्यावं, आणि तेवढे तेवढे तुकडे सगळ्या थव्यावर मांडून गुणावं. अंदाजे 'हजारो' लिहिण्यापेक्षा हे पुष्कळ जवळ जातं.

माळ आणि पठार

पन्हाळ्यापलीकडचं मसाई पठार, आळते-रामलिंगचे डोंगर, विद्यापीठाच्या परिसरातला सागरमाळ. जांभ्याचं असो की मुरमाड, गवत पिवळं पडलं की तिथे शिकारी पक्षी येतात. हवेत एका जागी थांबणारे दोन पक्षी हमखास गोंधळात टाकतात. पांढरं अंग, काळे खांदे आणि लाल डोळे असतील तर कापशी घार, ती बारमाही. पाठ विटकरी, शेपटी पंख्यासारखी पसरलेली असेल तर खरुची, हा हिवाळी पाहुणा छोटा ससाणा, पन्हाळ्याच्या कड्यांवर वाऱ्याच्या तोंडाशी थांबतो. गवताच्या उंचीलगत, पंख इंग्रजी व्ही आकारात धरून, डोलत जाणारा भोवत्या. तो जमिनीवर गवतातच रात्र काढतो, म्हणून संध्याकाळी उंच गवतात घुसून चालू नये.

पन्हाळ्याच्या पडक्या भिंती आणि शेताच्या दगडी बांधांवर थिरथिरा शोधावा. तो हिवाळ्यापुरता येतो आणि पुष्कळदा एकच भिंत धरून राहतो. आज दिसला तिथेच पुढच्या रविवारी दिसायची शक्यता चांगली. नर काळा, मादी मातकट, पण दोघांची शेपटी तांबूस-नारिंगी, आणि दगडावर बसताच ती थरथर कापते. ते कापणं पहिल्या सेकंदातच ओळख पटवतं.

माळावर खोकडही असते. कोल्ह्याहून बरीच लहान, सडपातळ, मोठे कान आणि झुबकेदार शेपटीचं टोक काळं. बीळ सापडलं तर शंभर पावलांच्या आत जाऊ नये, कुत्रा सोबत नसावाच. घुबडांबद्दलही हेच. दगडी खाणीच्या कपारीत शृंगी घुबड, जुन्या वास्तूत गव्हाणी घुबड दिसलं तर नेमकी जागा कुठेही जाहीर करू नये. घुबडं अंधश्रद्धेपायी पकडली जातात, आणि फोटोसोबत टाकलेलं ठिकाण पकडणाऱ्याला वाट दाखवतं. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, ड्रोन उडवणं, दगड मारून उडवणं, यांतलं काहीच करू नये.

तळी

रंकाळा, कळंबा आणि राजाराम तलाव. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे उजाडताच जावं आणि काठालगतच्या जलपर्णीत पाणकोंबड्या बघाव्यात. बदकांसाठी कळंबा बरा. चोच पुढे चमच्यासारखी पसरट ती थापट्या. डोळ्यावर रुंद पांढरी भुवई तो भुवई बदकाचा नर. काळं अंग आणि पांढरं कपाळ तो वारकरी, आणि तो बदक नव्हे.

कृष्णाकाठी शिरोळच्या बाजूला जाणार असाल तर मगरीचं भान ठेवावं. थंडीत तिला ऊन हवं असतं, म्हणून नऊ ते बाराच्या दरम्यान नदीकाठच्या गाळाच्या उतारावर पडून राहते. काठावरून घसरत पाण्यात गेल्याची रुंद ओली रेघ दिसली की तिथून दहा-पंधरा मीटर मागे राहावं, पाय धुवायलाही पाण्यात उतरू नये. ऊन खाणारी मगर पलीकडच्या काठावरून दुर्बिणीने उत्तम दिसते.

राधानगरी-दाजीपूर

गव्यांसाठी १९५८ साली राखलेलं हे राज्यातलं सर्वांत जुनं अभयारण्य, क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना आहे. आत मनाला येईल तिथे पायी फिरता येत नाही: प्रवेशपावती आणि वाटाड्या घेऊन, ठरलेल्या वाटेनेच. गवा सकाळी आणि संध्याकाळी गवताळ सड्यांवर (पठारांवर) चरायला निघतो. काळपट अंग, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, खांद्यापाशी सहा फुटांच्या आसपास उंची, मोठ्या नराचं वजन हजार किलोच्या घरात. कळपापेक्षा एकटा नर जास्त जपण्यासारखा. त्याने फुरफुर केली, डोकं खाली घेतलं किंवा आडवं उभं राहून अंग दाखवलं की तो सांगतोय, मागे व्हा. त्या क्षणी मागे व्हावं. शेकरू बघायचं असेल तर झाडाच्या शेंड्याकडे खडखडणारा कर्कश आवाज ऐकून नजर न्यावी, आणि फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचं गोल घरटं शोधावं.

गवे नदीकाठ आणि ऊस धरून शहराजवळही येतात. तेव्हा माणसांची झुंबड उडते, मोबाईल निघतात, गाड्या मागे लागतात, आणि घाबरलेला गवा ज्या बाजूला वाट दिसेल तिकडे सुसाट सुटतो. माणसाला इजा होते ती अशा वेळी. त्याला एक बाजू पूर्ण मोकळी ठेवली आणि अंधार पडेपर्यंत कोणी गेलं नाही, तर तो बहुतेक वेळा आल्या वाटेने निघून जातो. अशी गर्दी दिसली तर तिच्यात भर घालू नये.

साप

थंडीत साप दिसत नाहीत हा समज चुकीचा आहे. घोणशीचा मिलनकाळ हिवाळ्यातच असतो, नर त्या काळात जास्त फिरतात, आणि सकाळी आठ ते अकरा बांधावर, पाचटाच्या कडेला ऊन खात पडलेले असतात. अंगावर साखळीसारखे तपकिरी गोल ठिपके, त्रिकोणी डोकं, आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार. फुत्कार ऐकू आला तर आधी जागच्या जागी थांबावं, साप कुठे आहे ते नजरेने शोधावं, मग मागे व्हावं. पाचटात पाऊल टाकण्याआधी काठी आपटावी, आणि ज्या दगडावर बसायचं त्याच्या पलीकडची बाजू बघून मगच बसावं.

दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. अंगठी, कडं, घड्याळ काढावं, पाय किंवा हात फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने थेट सरकारी रुग्णालय गाठावं. यावर इलाज एकच, सर्पविषावरचं प्रतिविष इंजेक्शन. मांत्रिकाकडे जो वेळ जातो तोच माणसाचा जीव घेतो. साप मारून किंवा पकडून सोबत नेण्याचीही गरज नसते.

नोंद

घरी येऊन आठवून लिहिलेली नोंद अर्धी चुकीची असते, म्हणून तिथेच लिहावं: तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जागा, काय, किती, आणि काय करत होतं. 'काय करत होतं' हा रकाना कोणी भरत नाही, पण ओळख चुकली तर तोच मदतीला येतो. जे ओळखता आलं नाही त्याची चोच, पाय, शेपटी आणि बसायची जागा यांचं चार रेघांचं चित्र काढावं. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेले सगळे पक्षी लिहावेत, फक्त दुर्मीळ तेवढे नाही. साळुंकी आणि कावळा गाळले की यादी अपुरी ठरते. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेव्हा सुरुवात केली तर पाहुणे यायची पहिली तारीख हाती लागते. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. आपल्या बंधाऱ्यावर पंधरा मिनिटं उभं राहून तिच्यात भाग घेता येतो.

मार्चनंतर पाहुणे हळूहळू कमी होत जातात, तरी त्याच बंधाऱ्यावर, त्याच दगडासमोर, दर रविवारी जात राहावं. पांढरा धोबी शेवटचा कधी दिसला ती तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी, पुढच्या ऑक्टोबरमध्ये पहिला कधी आला त्याच्या शेजारी.